बायपासनंतर छातीत कफ साचू नये म्हणून काय करावे : तीन बॉलचे यंत्र, फ्लटर की फुगे?

गुळव्याची लेक, करवीर तालुका

नमस्कार. माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया आजपासून अठराव्या दिवशी कोल्हापुरात व्हायची आहे. त्यांचे वय ६४ आहे. चाळीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काम केले. काहिलीशेजारी उभे राहून चुलवाणाचा धूर आणि रसाची वाफ छातीत घेण्यात त्यांची सगळी उमेद गेली, आणि जोडीला बिडी होतीच. अँजिओग्राफीचा अहवाल हातात आला त्या दिवशी बिडी सुटली, त्याला आता दोन महिने झाले. पण सकाळी उठल्यावर दोन-तीन चमचे पांढरट कफ अजूनही पडतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीची तपासणी करून स्पष्ट सांगितले की शस्त्रक्रियेनंतर यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, तेव्हा श्वासाचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. मात्र ते कसे करायचे, हे सांगायला तिथे कोणी थांबले नाही.

औषधाच्या दुकानातून आम्ही तीन बॉलचे स्पायरोमीटर आणले. आबांनी नळी तोंडात धरली आणि फुंकणीने चूल फुंकावी तसे त्यात जोरात फुंकले. बॉल जागचे हलले नाहीत. "ओढायचे आहे, फुंकायचे नाही" असे सांगितल्यावर त्यांनी असा हिसका दिला की तिन्ही बॉल टकटक करत वर आदळले आणि क्षणात खाली पडले. आबा समाधानाने हसले, पण हे बरोबर झाले की नाही, ते मला कळले नाही. त्याच दुकानात शिट्टीसारखे दिसणारे, आत लोखंडी गोळी असलेले एक उपकरण दाखवले. त्याने कफ सुटतो असे दुकानदार म्हणाला. चुलतभावाने तर महाद्वार रोडवरून फुग्यांची दोन पाकिटे आणून ठेवली आहेत, कारण त्याच्या ओळखीत कोणाला तरी फुगे फुगवून गुण आला होता.

यांपैकी नेमके काय उपयोगी आहे, आणि शस्त्रक्रियेच्या आधी किती व नंतर किती करायचे, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल का? आबांना उगाच दमवायचे नाही, पण हातचे अठरा दिवस वायाही घालवायचे नाहीत.

फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

ताई, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे श्वसनाचे व्यायाम घेणे हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम छातीत काय घडते ते पाहू. निरोगी माणूस नकळत तासाला काही वेळा खोल सुस्कारा टाकतो आणि त्या प्रत्येक सुस्काऱ्याने फुप्फुसाच्या तळाचे मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडतात. पूर्ण भूल दिल्यावर श्वासपटल सैल पडते, सुस्कारे बंद होतात, श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारी सूक्ष्म लव मंदावते आणि बहुतेक सगळ्याच रुग्णांच्या फुप्फुसाचा काही भाग तात्पुरता मिटतो. जागे झाल्यावर छातीच्या मधल्या हाडाला तारांनी जोडलेले असते, तिथे दुखते, म्हणून रुग्ण वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. मग कफाची गुठळी एखाद्या नलिकेत बुचासारखी बसते, तिच्या पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग आणखी मिटतो; साचलेल्या कफात जंतू वाढले की त्याचाच न्यूमोनिया होतो. बायपासमध्ये डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग विशेष जपावा लागतो, कारण बहुधा छातीच्या आतल्या भिंतीवरची डावी धमनी सोडवून ती हृदयाला जोडतात, त्यात डावीकडचे आवरण बऱ्याचदा उघडावे लागते आणि श्वासपटलाकडे जाणारी डावी नसही काही दिवस मंद राहू शकते.

म्हणजे करायच्या गोष्टी दोन आहेत : मिटलेला भाग उघडणे आणि साचलेला कफ बाहेर काढणे. प्रत्येक उपकरण यांपैकी कोणत्या कामाचे आहे, हे कळले की निवड सोपी होते.

तीन बॉलचे यंत्र पहिल्या कामासाठी आहे. त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. अनेकांना ते फुप्फुसात गेलेल्या हवेचे माप वाटते, पण ते सेकंदाला किती घनसेंटीमीटर हवा ओढली जाते त्या वेगाचे आकडे आहेत. त्यामुळे हिसक्याने तिन्ही बॉल क्षणभर उडवले तरी हवा थोडीच आत गेलेली असते आणि तीही वरच्या भागातच राहते. आबांनी ताठ बसावे, आधी श्वास सावकाश पूर्ण सोडावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत आणि मग पेल्यातले सरबत नळीने ओढावे तसे संथपणे ओढत एक किंवा दोन बॉल तीन सेकंद वर धरून ठेवावेत. तिसरा बॉल वर गेला नाही म्हणून खंत करू नये. श्वास भरताना खांदे उचलले जाऊ नयेत. पोटावर तळहात ठेवला तर पोट पुढे येताना हाताला कळले पाहिजे. असे पाच ते दहा श्वास झाले की थांबावे. लागोपाठ पंधरा-वीस घेतले तर चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

लोखंडी गोळीचे उपकरण म्हणजे फ्लटर, आणि ते दुसऱ्या कामासाठी आहे. त्यात श्वास सोडायचा असतो. सोडलेली हवा गोळीला उचलते, गोळी पुन्हा पडते, पुन्हा उचलली जाते, आणि या उघडझापीमुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकून राहतो व हवेला कंप सुटतो. दाबामुळे नलिका मिटत नाहीत आणि कफाच्या मागच्या बाजूला हवा पोहोचते. कंपामुळे चिकटलेला कफ सुटतो. फ्लटर योग्य कोनात धरला तरच नीट चालतो, म्हणून बसून वापरावा लागतो. अकापेला नावाच्या उपकरणात गोळीऐवजी लोहचुंबक आणि तरफ असते, ते आडवे पडूनही वापरता येते. श्वासाचा जोर कमी असलेल्यांसाठी निळे आणि बरा असलेल्यांसाठी हिरवे मिळते. ज्यांना मुळात कफ नाही अशा रुग्णाला ही उपकरणे मी सरसकट देत नाही. आबांना रोज कफ पडतो, म्हणून त्यांच्या बाबतीत त्यांचा विचार जरूर व्हावा, पण आपल्या शल्यचिकित्सकांना विचारूनच.

फुगे बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फुगा फुगवताना सगळा जोर श्वास बाहेर ढकलण्यात जातो आणि आपल्याला हवा असतो खोल आत घेतलेला श्वास. फुग्याचा विरोध किती असावा यावर कोणाचे नियंत्रण नसते, शिवाय हृदयरोग्याने तोंड लाल होईपर्यंत जोर करणे बरे नव्हे. छातीत पू झालेल्या काही रुग्णांना शल्यचिकित्सक हेतुतः फुंकण्याचे व्यायाम देतात. तुमच्या भावाच्या ओळखीतला रुग्ण कदाचित तसा असेल.

आता अठरा दिवसांविषयी. तीन बॉलचे यंत्र एकटे वापरल्याने बायपासनंतरचे फुप्फुसाचे त्रास कमी होतात, असे आजवरच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. ते प्रशिक्षणाला आणि चालण्याला पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नाही. शस्त्रक्रियेआधीच्या तयारीचा पुरावा मात्र चांगला आहे. नेदरलँड्समध्ये बायपास होणाऱ्या, फुप्फुसाचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटे, श्वास आत ओढताना स्प्रिंगचा विरोध होईल अशा उपकरणाने स्नायूंचा व्यायाम दिला होता. त्यांच्यात फुप्फुसाच्या गुंतागुंती १८ टक्के झाल्या, इतरांत ३५ टक्के. तुमच्याकडे दोन आठवड्यांहून चार दिवस जास्त आहेत. हृदयविकार स्थिर आहे ना, याची तज्ज्ञांकडून खात्री करून हा व्यायाम उद्याच सुरू करता येईल. व्यायामात छातीत दुखले, घाम फुटला किंवा दम लागला तर तत्काळ थांबावे.

मंगळवार पेठकर

माझी बायपास चार वर्षांपूर्वी झाली. तरुणपणी मी तालमीत जोर-बैठका मारलेला माणूस आहे, त्यामुळे छातीचे काही होणार नाही असा माझा पक्का समज होता, आणि त्या समजापायी शस्त्रक्रियेआधी मी यंत्राला हात लावला नाही. अतिदक्षता विभागात जाग आली तेव्हा घशातली नळी नुकतीच काढली होती. सिस्टरनी यंत्र हातात दिले आणि एक बॉल अर्ध्यावरसुद्धा जाईना. औषधांची गुंगी, छातीत सुरी फिरल्यासारखी कळ आणि नवीन काही शिकण्याची अजिबात नसलेली इच्छा, अशा अवस्थेत ते यंत्र पहिल्यांदा हातात घेणे म्हणजे काय असते, ते मी भोगले आहे. तिसऱ्या दिवशी ताप आला, डाव्या बाजूचा तळ मिटल्याचे एक्स-रेत दिसले आणि मुक्काम पाच दिवसांनी वाढला. म्हणून ताई, वडिलांना हे आत्ताच इतके सवयीचे करून द्या की गुंगीतही हातांना आणि ओठांना ते आठवावे.

दुसरे सांगायचे ते उशीविषयी. खोकताना एक घट्ट उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची. माझ्या मुलाने जुन्या धोतराची घडी करून तिला वरून टाके घालून दिले होते, ती इस्पितळातल्या उशीपेक्षा बरी आवळता यायची. ती कवटाळल्यावर हाड उकलेल ही भीती जाते, आणि भीती गेली की खोकला खोलून येतो.

आणखी एक. तालमीत दम कोंडून जोर लावण्याची सवय असते. ती येथे पूर्ण विसरावी लागते. उठताना, कूस बदलताना, शौचाला बसताना श्वास धरून जोर करू नये, असे मला पुन्हा पुन्हा बजावले होते.

शिरोलीहून एक पत्नी

माझ्या यजमानांना जुन्या क्षयाने फुप्फुसात पोकळी झाली होती आणि थुंकीतून रक्त यायचे, म्हणून गेल्या वर्षी उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागला. ते फाउंड्रीत कामाला आहेत. आमचा प्रश्न तुमच्यासारखाच होता, पण उत्तर वेगळे मिळाले, म्हणून लिहिते. हा धागा पुढे कोणी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी वाचला तर उपयोगी पडेल.

त्यांच्या छातीत दोन नळ्या होत्या आणि त्या पाणी भरलेल्या बाटल्यांना जोडलेल्या होत्या. खोकला की बाटलीत बुडबुडे यायचे. टाके घातलेल्या फुप्फुसातून हवा गळते आहे याची ती खूण होती. आमच्या शल्यचिकित्सकांनी सांगितले की गळती थांबेपर्यंत फ्लटर, फुगा, बाटलीत नळीने फुंकणे, यांतले काहीही करायचे नाही, कारण सोडलेल्या श्वासाला विरोध झाला की आतला दाब वाढतो आणि टाक्यांवर ताण येतो. खोल श्वास आत घेणे, तो क्षणभर धरणे आणि बाटली हातात घेऊन व्हरांड्यात चालणे, एवढेच चालू होते. बाटली छातीच्या पातळीच्या खालीच राहिली पाहिजे, हे मी स्वतः चोवीस तास पाहत असे. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले आणि आठव्या दिवशी नळ्या निघाल्या.

मनात एक राहून गेले आहे. शस्त्रक्रिया झाली त्या इस्पितळात स्पायरोमीटर बिलात लावले होते, पण दोन दिवस ते वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणासह कपाटावर पडून होते. मी विचारले तेव्हा फिजिओथेरपिस्ट सोमवारी येतील असे उत्तर मिळाले. शनिवार-रविवार हेच त्यांचे पहिले दोन दिवस होते. नातेवाईकांनी आधीच शिकून ठेवावे, असे मी त्यामुळेच कळकळीने सांगते.

गुळव्याची लेक, करवीर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, आज आबांनी दोन बॉल तीन सेकंद धरले. गुळाची गोळी पाण्यात टाकून पाक आला का हे पाहताना ते जसे स्तब्ध होतात, तसेच आता यंत्राकडे पाहतात. हृदयरोगतज्ज्ञांनी स्प्रिंगच्या उपकरणाला परवानगी दिली, ते उद्या मिळेल. फुगे भाच्यांना वाटून टाकले.

दोन शंका उरल्या. खोकण्याची योग्य पद्धत कोणती? आणि सकाळचा कफ पूर्ण निघाला आहे हे ओळखावे कसे?

फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

शिरोलीच्या ताईंनी लिहिले ते अतिशय महत्त्वाचे आहे. फुप्फुसाचा भाग काढला असेल, नळीतून हवा गळत असेल, छातीत हवा साठून तिचा निचरा झालेला नसेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल, तर श्वास सोडताना दाब निर्माण करणारे कोणतेही उपकरण शल्यचिकित्सकांच्या संमतीशिवाय वापरू नये. बायपासनंतरही एक-दोन दिवस छातीत नळ्या असतात, तेव्हा आबांचा फ्लटर त्यांना विचारूनच सुरू करावा.

आता खोकला. घसा फाडून लागोपाठ खोकण्याने दुखते जास्त आणि कफ निघतो थोडा. त्याऐवजी आम्ही हफ शिकवतो. आरशावर वाफ धरून तो पुसताना आपण तोंड उघडून "हाऽऽ" करतो, तसाच, पण पोटाचा जोर लावून श्वास सोडायचा. घसा उघडाच राहिला पाहिजे. मध्यम श्वास घेऊन लांब हफ केला तर खोलवरचा कफ वर सरकतो. मोठा श्वास घेऊन आखूड, जोरदार हफ केला तर वर आलेला कफ तोंडाशी येतो. क्रम असा ठेवावा : आधी अर्धा मिनिट शांत, पोटाने श्वास, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक तीन सेकंद धरून, पुन्हा शांत श्वास, मग एक-दोन हफ. फ्लटर चालू झाला की खोल श्वासांच्या जागी फ्लटरचे दहा श्वास घ्यावेत. श्वास गाल न फुगवता, नेहमीपेक्षा किंचित जोराने तीन-चार सेकंद सोडावा. छातीवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवली म्हणजे कोन बरोबर साधला.

हफ करताना छातीत घरघर ऐकू येत असेल तर कफ अजून आहे. दोन वेळा लागोपाठ कोरडा, स्वच्छ हफ आला की त्या वेळेपुरते काम संपले. त्यापुढे करत राहिल्याने केवळ थकवा येतो. उपकरण दिवसातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी ते वापरून पाहू नये.

अतिदक्षता विभागातील परिचारिका

वर सगळे नीट आले आहे, मी केवळ खाटेजवळचे सांगते. वेदनाशामक गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम घ्या. दुखत असेल तर "सहन करतो" असे आबांना म्हणू देऊ नका, आम्हाला सांगा. दुखणे दाबून धरणारा रुग्ण खोल श्वास घेत नाही. खाटेची डोक्याची बाजू उंच ठेवा. परवानगी मिळताच खुर्चीत बसवा, कारण ताठ बसल्यावर श्वासपटलावरचा पोटाचा भार उतरतो. जागेपणी दर तासाला एकदा, हा नियम पाळण्यासाठी भिंतीवर कागद लावून खुणा करा. दुपारच्या भेटीच्या वेळेत नातेवाईकांच्या गप्पांत तीन-तीन तास निघून जातात, हे मी रोज पाहते. दात आणि जीभ दिवसातून दोन वेळा स्वच्छ करा, कारण तोंडातले जंतूच खाली उतरतात. कूस बदलून, पाय खाली सोडून मग उठायचे. हाताने लोंबकळून किंवा खाटेच्या दांड्याला ओढून नाही.

घरी आल्यावर ताप, पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला कफ, बसल्या जागी दम, जखमेतून पाणी येणे किंवा छातीचे हाड कटकट हलल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर दिवस-रात्र पाहू नका.

गुळव्याची लेक, करवीर तालुका

शस्त्रक्रिया होऊन आज सहावा दिवस आहे. शस्त्रक्रियेआधी स्प्रिंगच्या उपकरणाचे पंधरा दिवस पूर्ण झाले होते, एकही दिवस चुकला नाही. नळी काढल्यावर दोन तासांनी सिस्टरनी यंत्र पुढे केले तेव्हा आबांनी डोळे अर्धवट मिटलेलेच ठेवून ओठ बरोबर जुळवले. पहिला बॉल वर गेला आणि थरथरत का होईना, टिकला. दुसऱ्या दिवशी डावीकडे तळाशी थोडा भाग मिटला होता, डॉक्टर म्हणाले की इतके होतेच. नळ्या निघाल्यावर संमती घेऊन फ्लटर सुरू केला. काल सकाळच्या एक्स-रेत तो भाग उघडलेला दिसला. ताप एकदाही आला नाही.

मंगळवार पेठेतल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे आईने तिच्या जुन्या नऊवारीची घडी शिवून दिली होती. आबा ती रात्रीसुद्धा छातीशी धरून झोपतात. आज त्यांनी व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजचे एक गृहस्थ कालच आले आहेत, त्यांची शस्त्रक्रिया परवा आहे आणि त्यांच्या उशाशी यंत्राचे खोके न उघडलेले होते. आबांनी मला ते उघडायला लावले, आणि आता त्यांना शिकवत बसले आहेत : "फुंकायचं नाही पावणं, ओढायचं. सावकाश."

फिजिओथेरपिस्ट मॅडम, घरी गेल्यावर हे किती दिवस चालू ठेवायचे, तेवढे कृपया सांगावे.

फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

वाचून फार बरे वाटले. पहिले दोन आठवडे यंत्र दिवसातून चार-पाच वेळा, आणि त्यानंतर रोजचे चालणे वाढेल तसे कमी करत जावे. फ्लटर मात्र सकाळी कफ पडतो तोवर रोज एकदा चालू ठेवावा. हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने, पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही आणि दुचाकी चालवायची नाही. हंगाम सुरू झाला तरी आबांनी चुलवाणाच्या धुराकडे जाऊ नये. पाक पाहायला बोलावणे आलेच तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर खुर्ची टाकून बसावे.